आबांना कुठं न्यायचं

आबा आमच्याकडं चंदीगडला आले ते ऐन जूनमध्ये, येऊ नका म्हणून सांगितलेलं असताना. इथला जून म्हणजे दुपारी गॅलरीचं दार उघडलं की तोंडावर भट्टीची झळ. पण आमच्या सांगलीकडं सगळ्यांची समजूत पक्की आहे. चंदीगड हिमालयाच्या पायथ्याला, म्हणजे तिथं थंडी असणारच. आबांच्या बॅगेतून दोन स्वेटर निघाले, कानटोपी निघाली, आणि भावजयीनं माझ्या लेकीसाठी विणलेला लोकरीचा फ्रॉक निघाला. स्टेशनाबाहेर येईपर्यंत त्यांनी गळ्यातला मफलर सोडून हातात घेतला होता.

"हितं तर आपल्यापेक्षा जास्त तापतंय की गं."

"सांगत होते ना मी."

"तुझं कोण ऐकतंय?" असं म्हणून ते हसले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडं राहायला येत होते. लेकीच्या घरी जास्त दिवस राहायचं नाही हा त्यांचा जुना हेका, त्यामुळं परतीचं तिकीट काढूनच आलेले. मधल्या दिवसांत मला एक काम करायचं होतं. ते काय आणि का, हे समजायला आबा काय करायचे ते सांगायला हवं.

आबा एस.टी.त ड्रायव्हर होते. सबंध नोकरी लाल गाडीवर. रोजच्या फेऱ्या तर झाल्याच, शिवाय प्रासंगिक कराराची गाडी निघाली, म्हणजे कुणी लग्नाला, सहलीला, देवाला जायला अख्खी गाडी ठरवली, की डेपो मॅनेजर आबांनाच पाठवायचे. त्यामुळं माझे वडील रायगडला गेलेले आहेत, गणपतीपुळ्याला गेलेले आहेत, तुळजापूर, अजिंठा, महाबळेश्वर, सगळीकडं गेलेले आहेत. आणि त्यांनी यातलं काहीही बघितलेलं नाही. लोक उतरून गेले की आबा गाडीला एक चक्कर मारणार, टायरवर काठी आपटून बघणार, आणि मागच्या लांब सीटवर आडवे होणार, कारण परतीला रात्रभर गाडी हाकायची असायची. लहानपणी मी विचारायची, "आबा, अजिंठा कसा आहे?" ते म्हणायचे, "चांगला हाय. गाडी लावायला ऐसपैस जागा हाय."

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. हे मी कुठंही सांगते, आणि सांगताना आवाज खाली घेत नाही. कॉलेजला जायची ती आबांच्याच गाडीतून, विद्यार्थी पास काढून. मी चढले की ते आरशातून बघायचे. मी बसले की गाडी हलायची. ड्यूटीवर असताना माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. बी.एस्सी.चा निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, तेव्हा डेपोत त्यांनी पेढे वाटले आणि घरी येऊन फक्त म्हणाले, "झालं का मग? आता पुढं काय?"

पुढं नोकरी झाली, लग्न झालं. नवऱ्याची नोकरी मोहालीतल्या कॉम्प्युटर कंपनीत म्हणून आम्ही इकडं आलो. मी डेराबस्सीला एका औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. सेक्टर ३२ मध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या पगारातून मी गाडी घेतली, इथंच शिकले, आणि रोज ती मीच चालवते. तर माझ्या मनात एवढंच होतं, की आबांना एकदा कुठंतरी प्रवासी म्हणून न्यायचं. माझ्या गाडीतून. आणि ठिकाण त्यांनी निवडायचं. मी नाही, भावानं नाही, लग्नाच्या वऱ्हाडानं नाही. त्यांनी.

हे म्हणायला सोपं होतं.

गाडीशी त्यांची पहिली भेटच बिघडली. त्यांनी तिला चारी बाजूंनी फिरून बघितलं, वाकून खाली बघितलं, मग आत डोकं घातलं.

"क्लच कुठाय?"

"नसतो आबा हिला."

"गिअर?"

"आपोआप पडतात. ऑटोमॅटिक आहे."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मग तू काय करतीस?"

नवरा खो खो हसला. मी हसले नाही. आबांच्या तोंडून पाच वर्षांत माझ्या गाडीबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

त्यात इथले चौक. चंदीगडचे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, पण दर थोड्या अंतरावर एक गोल चौक, आणि त्याला वळसा घालूनच पुढं जायचं. मी चौकात शिरले की आबांचा हात वरच्या दांडीला जायचा आणि उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. मनातल्या मनात ब्रेक मारतायत, हे मला दिसत होतं. दोन-तीन चौक झाले की ते गप्प व्हायचे. मी समजून गेले, की यांना मुलीनं चालवलेल्या गाडीत बसायची भीती वाटते. गावात मुली ट्रॅक्टर चालवायला लागल्या, पण आमच्या आबांचं मन अजून डेपोतच.

आता मी दमलेली होते हेही सांगते, कारण त्याशिवाय पुढचं माझं वागणं कळायचं नाही. डेराबस्सीहून सुटायचं, झिरकपूरच्या गर्दीत तासभर अडकायचं, घरी येऊन कणीक मळायची, आणि ती मळता मळता बाहेरच्या खोलीत विचारायचं, "आबा, ठरलं का? कुठं जायचं?"

"बघू की."

"शिमला?"

"लई गर्दी असती म्हणं."

"अमृतसर? सुवर्णमंदिर बघाल. लंगरात जेवाल."

"लांब हाय."

"हरिद्वार?"

"मी काय एवढा म्हातारा झालो व्हय?"

"बरं, मग जवळ. कसौली. डोंगर, थंड हवा, दीड-दोन तासांत."

"डोंगरच ना? आपल्याकडं न्हाईत व्हय डोंगर?"

लेक मध्येच टपकायची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "आजोबा, आप बोलो ना, कहाँ जाना है? मम्मा रोज पूछती है, रोज ग़ुस्सा होती है।"

"मी कुठं रागावते?"

"देखो, अभी भी।"

नवरा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणायचा, "अगं, त्यांना आराम करायचा असेल. करू दे की."

रोज हेच. भावाचा रोज फोन. त्याचं तालुक्याला मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळं फोन करायला त्याला वेळच वेळ. "ताई, तू विचारतीस कशाला? आबांना विचारलं तर ते स्वर्गाला पण म्हणतील, बघू की. उचल आणि वैष्णोदेवीला ने. हितं सगळी विचारायला लागल्यात, आबांनी काय काय बघितलं म्हणून."

आणि आबांनी काय बघितलं होतं? सकाळी उठून ते चालत मोठ्या दवाखान्याच्या गेटापर्यंत जायचे. तिथं ॲम्ब्युलन्सवाले चहा पीत उभे असतात. त्यांच्याशी आबांची मैत्री झाली. आबांचं हिंदी म्हणजे मराठीलाच शेवटी 'है' लावायचं, आणि समोरचे पंजाबीत बोलणार, तरी दोन-दोन तास गप्पा. कुणाची गाडी किती ॲव्हरेज देते, कुणाला रात्रपाळी, कुणाच्या साहेबाचा स्वभाव कसा. घरी येऊन हे सगळं आम्हाला सांगायचे. सुखना तळ्यावर नेलं तर म्हणाले, "पाणी हाय." रॉक गार्डनला नेलं तर म्हणाले, "दगडं हायत."

एकदाच खुलले. एका संध्याकाळी त्यांना मुल्लानपूरकडं घेऊन गेले, तिथं माझ्या मैत्रिणीनं फ्लॅट बुक केलाय तो बघायला. तिकडं शेतं जाऊन नवी वस्ती होतेय. घरं अजून अर्धी, माणसं नाहीत, पण रस्ते आधीच तयार. रुंद, सरळ, मोकळे. आबा पुढं बसून खिडकीवर कोपर टेकवून मस्त गाणं गुणगुणायला लागले. "हा खरा रस्ता," म्हणाले. "असा पायजे." मला वाटलं, रस्ता रिकामा आहे म्हणून माझ्या हातची भीती वाटत नाही यांना.

मग एके दिवशी मी फुटले. कारखान्यात एका मालाची तपासणी फसली होती, ती पुन्हा करायला लावलेली, झिरकपूरला ट्रक आडवा झालेला. घरी आले तर आबा म्हणाले, "पोरी, उगं धावपळ करू नको. मला कुठं न्यायचं न्हाई. मी हितंच बरा हाय."

मी पर्स टाकली. "म्हणजे तुम्हाला माझ्या गाडीत बसायचं नाही, असं सरळ सांगा ना! अख्ख्या तालुक्याला तुम्ही फिरवलंत. तुमच्या मुलीनं तुम्हाला एक दिवस फिरवलं तर काय बिघडतंय? बाई आहे म्हणून?"

लेक खोलीत गेली. आबा पायांकडं बघत बसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "बरं. चल. कसौली म्हणत होतीस न्हवं? चल तिकडं."

म्हणजे ठिकाण शेवटी मीच निवडलं. तेव्हा मला ते लक्षातही आलं नाही. ठरलं एकदाचं, एवढंच वाटलं.

रविवारी सकाळी निघालो. नवऱ्याला कंपनीचं काम होतं, आणि लेकीला घाटात मळमळतं म्हणून तिला त्याच्याजवळ ठेवलं. "ऱ्हाऊ दे तिला," आबा म्हणाले, "जबरदस्ती करू नये." मी पहाटे उठून पोहे केले होते. आबांनी ताटलीला हात लावला नाही. "भूक न्हाई." मला त्याचाही राग आला, तरी पोहे डब्यात भरून घेतले.

पिंजोरपर्यंत ठीक होतं. काल्का मागं पडलं, परवाणूच्या पुढं चढ सुरू झाला. रस्ता आता मोठा केलाय, चार पदरी, पण डोंगर तर तोच, त्यामुळं वळणं तीच. एका बाजूला कापलेला डोंगर, त्यावर दगड अडवायला जाळ्या, दुसऱ्या बाजूला दरी. हवा थंड व्हायला लागली. मी एसी बारीक केला आणि गाईडसारखी बोलत सुटले. हे पाइनचं झाड, इथं चीड म्हणतात, तो बघा खाली रेल्वेचा बोगदा, ते दिसतंय ते गाव. आबा "हूं" म्हणत होते. मग "हूं"ही थांबलं. त्यांनी काच खाली घेतली.

"आबा, एसी चालू आहे."

"असू दे."

एक वळण, दुसरं वळण.

"थांब."

"इथं नाही थांबता येत आबा, पुढं जागा..."

"थांब म्हंतो न्हवं!"

हा आवाज मी ओळखत होते. हा ड्यूटीवरचा आवाज. मी कडेला घेतली, गाडी पुरती उभी राहायच्या आत त्यांनी दार उघडलं, लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि वाकले. पोटात काही नव्हतंच, नुसत्या कोरड्या उमाशांनी अंग हलत होतं. मी पाण्याची बाटली घेऊन पळत गेले. त्यांनी मागं हात करून मला थांबवलं. बघू नको, असा हात.

वीस पावलांवर पत्र्याच्या आडोशाला एक चहाचं दुकान होतं. तिथं नेऊन बसवलं. दुकानदारानं न सांगता लिंबूपाणी आणलं, वर मीठ टाकलं, आणि मोठ्या मायेनं म्हणाला, "बाबाजी को चक्कर आ गया? होता है जी, मैदानवालों को पहाड़ में होता है।"

आबांनी मान वर केली. "हम घाट में गाडी चलाता था. बस. बडा बस."

"अच्छा जी?" तो हसला. वाईट हेतू नव्हता त्याचा. "फिर भी?"

आबांनी ग्लास खाली ठेवला आणि दरीकडं तोंड फिरवलं. त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत आबांना मी रागावलेलं बघितलंय, थकलेलं बघितलंय, आई गेली तेव्हा रडताना बघितलंय. लाजलेलं पहिल्यांदा बघत होते.

रस्त्यावरून हिमाचलच्या बसगाड्या जात होत्या, कर्कश हॉर्न देत.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"पयल्यापासनं."

"गाडी चालवताना पण?"

"छ्या! चालवताना कधीच न्हाई. हातात चाक असलं की काय बी न्हाई. कुंभार्ली घाटात रात्री पावसात गाडी काढलीया मी. पर दुसऱ्याच्या हातात चाक असलं, की झालं. पोटात कालवायला लागतंय."

"मग लग्नाबिग्नाला जीपमधून..."

"मी पुढं बसतो, आधी तर चालवायलाच घ्यायचो. एस.टी.त डेपोची पोरं मला इंजिनापाशी बसवत्यात. कुणाला कळत न्हाई." जरा थांबून म्हणाले, "मी पॅसेंजरला वराडायचो, माझ्या गाडीत घाण करू नका म्हणून. कुणाला कसं सांगू? ड्रायव्हरला गाडी लागती म्हणून?"

"आईला माहीत होतं?"

"तिला सगळं ठाऊक. म्हणून तर कुठं गेलो न्हाई आम्ही. ती म्हणायची, रिटायर झाला की जाऊ रेल्वेनं निवांत."

आबांच्या रिटायरमेंटनंतर आई आजारातच होती. रेल्वेनं तिला आम्ही मिरजेच्या दवाखान्यात तेवढं नेलं.

"मला वाटलं," मी म्हणाले, "माझ्या गाडी चालवण्यावर तुमचा विश्वास नाही."

"तो बी न्हाईच," आबा म्हणाले, आणि त्या अवस्थेत पहिल्यांदा जरासे हसले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. रस्त्याकडं बघत, अगदी सहज विचारल्यासारखा. "मी घेऊ का चालवायला?"

मला माहीत होतं हा येणार. दुकानात बसल्यापासून मी त्याचीच वाट बघत होते. आबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं डॉक्टर अजून टाळतायत. लायसन संपलं तेव्हा त्यांनीच ते परत काढलं नव्हतं. मी रोज प्रयोगशाळेत नाही म्हणते. माल कसोटीत बसत नसेल तर बसत नाही, मग साहेब असो की कोण असो. त्यासाठीच मला ठेवलंय. पण हे 'नाही' तोंडातून निघायला फार जड गेलं.

"नाही आबा."

"रस्ता मोकळा हाय."

"नाही."

त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. मान हलवली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

आता आमची पंचाईत अशी झाली, की वर जायचं तरी वळणं आणि खाली जायचं तरी वळणं. दुकानदारानं मध्ये पडून सांगितलं, की आवळा सुपारी चघळा, कागद वाचू नका, लांब बघा. आबांनी विचारलं, "वर किती ऱ्हायलं?"

"अर्धा-पाऊण तास."

"आन खाली?"

"तेवढंच धरा. परवाणूच्या खाली आलो की सरळ."

त्यांनी वर बघितलं. डोंगरावर ढगांचा एक पांढरा पट्टा आला होता, छान दिसत होतं. मला वाटलं म्हणतील, चल वर, एवढं आलोय तर. त्यांनी तसं म्हणावं असं मला फार वाटत होतं.

"खालीच घे पोरी. दमलो मी."

मीही दमले होते. गाडी वळवायला जागा लांब होती, तिथपर्यंत जाऊन वळवली. आबा पुढं बसले, पट्टा लावला, दोन्ही हात मांडीवर. पहिल्याच वळणाला त्यांचा चेहरा बदलला. मी वेग कमी केला. मागून ट्रकनं हॉर्न मारला.

"त्येला जाऊ दे," आबा म्हणाले. "डाव्या अंगाला घे. आता सोड. पुढचं वळण मोठं हाय, आत्ताच कमी कर. दुसरा टाक."

दुसरा कुठून टाकणार? या गाडीत गिअर टाकायचेच नसतात, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मला गाडी चालवताना कुणी शिकवलेलं चालत नाही, नवऱ्याला विचारा. पण मी आबांकडं बघितलं. त्यांची नजर काचेतून लांब, वळणाच्या पलीकडं लागली होती, आणि हात मांडीवर नव्हते. डावा हात गुडघ्याशेजारी मूठ करून तयार होता.

"टाकला," मी म्हणाले.

"हां. वाजव हॉर्न. वाजव, वाजव, लाजतीस कशाला? आता थोडा आत घे. सोड. तिसरा."

"टाकला."

असं आम्ही सबंध उतार उतरलो. काही सूचना बरोबर होत्या, काही लाल गाडीच्या होत्या. एवढ्याशा गाडीला वळण घ्यायला ते मला अख्खा रस्ता घ्यायला लावत होते, ते मी केलं नाही, पण "घेतला" असं मी म्हणाले. एकदा आबा म्हणाले, "मागच्या दाराशी कोण लोंबकळतंय का बघ." मी आरशात बघितलं आणि म्हणाले, "कोणी नाही आबा." ते काय बोलून गेले ते बहुतेक त्यांच्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. माझे खांदे मात्र दगड झाले होते. माणूस दुसऱ्याच्या डोक्यानं गाडी चालवायला लागला की किती दमतो, ते मला त्या दिवशी कळलं.

परवाणूच्या खाली सपाटीला लागलो तेव्हा आबा एकदम गप्प झाले. मी घाबरून बघितलं, तर त्यांना झोप लागली होती. पिंजोरला जाग आली. "भूक लागलीया," म्हणाले. डब्यातले पोहे आम्ही गाडीतच खाल्ले, गार झालेले, दोघांनी मिळून सगळे.

"हे घरी सांगू नको," बोटं चाटत ते म्हणाले. मी सांगितलं नाही. आता लिहितेय, पण कुणाचं नाव घातलेलं नाही.

घरी पोचतो न पोचतो तोच भावाचा फोन. स्पीकरवर टाकला.

"काय ताई, झाली का कसौली? आबा कुठायत?"

"हाय की हितं," आबा म्हणाले.

"कसं हाय आबा?"

आबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. "थंडगार," म्हणाले. "ढग अशे हाताला लागत्यात. बघण्यासारखं हाय."

"बघा! आणि तुम्ही नको नको करत होता! ताई, आता थांबू नको, पुढच्या रविवारी मनाली करून टाक. वर्षानुवर्षं तिथं राहताय, आणि—"

"मनाली नाही," मी म्हणाले.

"का?"

"नाही म्हणजे नाही. तू दुकान बघ. कुठं जायचं ते आबा सांगतील." भाऊ पुढं काही बोलायच्या आत मी फोन बंद केला आणि पंख्याखाली जमिनीवरच आडवी झाले. लेक येऊन माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपली. "मज़ा आया, मम्मा?" मी म्हणाले, आला.

आबांनी सोफ्यावर पाय लांब केले. मला वाटलं पुन्हा झोपले. मग वरून आवाज आला.

"ते कुरुक्षेत्र हिकडंच कुठं हाय न्हवं?"

मी डोळे उघडले. "आहे. अंबाल्याच्या पुढं. तिथं जायचंय?"

"जाऊ की. तिथं रथ पळवल्यात. म्हंजे सपाटच असणार."

नवरा लॅपटॉप बंद करून बाहेर आला होता. "आबा, एकदम सपाट. पूर्ण हायवे. डेराबस्सीवरूनच जातो रस्ता."

"मग झालं तर," आबा म्हणाले. "तिकडं जाऊ. सकाळी लौकर निघू, ऊन व्हायच्या आत. पोरीला बी घ्या संगट, हिला काय होयाचं न्हाई."

डेराबस्सीवरून. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस ज्या रस्त्यानं मी जाते-येते, त्याच रस्त्यानं सातव्या दिवशीही. तोच झिरकपूरचा पूल, तेच ट्रक. मी तसं बोलून दाखवलं नाही. एवढंच विचारलं, "नक्की ना आबा? परत बदलायचं नाही."

"एकदा ठरीवलं म्हंजे ठरीवलं," ते म्हणाले. "आता निजू दे मला."

मीही डोळे मिटले. स्वयंपाक व्हायचा होता, पण नवरा आपणहून आत गेला आणि भांड्यांचा आवाज यायला लागला.